उघडं दार : केडगावच्या मुक्ती मिशनची वाटचाल

पुण्याच्या शारदा सदनात, विधवा मुलींसाठी आपण काढलेल्या निवासी शाळेत, पंडिता रमाबाई आपल्या मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. ही प्रार्थना त्यांच्या स्वतःच्या खोलीत चाले, पण खोलीचं दार त्या लावून घेत नसत. सदनात राहणाऱ्या विधवा मुली त्या दारावरून ये-जा करत. एखादी उंबऱ्याशी थबके, एखादी आत येऊन बसे. रमाबाईंनी कुणाला बोलावलं नाही आणि आलेल्या कुणाला उठवलंही नाही. हे उघडं दार 1893 साली पुण्यात मोठ्या वादाचं कारण झालं. वर्तमानपत्रांत रकाने भरले, सल्लागार मंडळ राजीनामा देऊन मोकळं झालं, पालक मुलींना घरी घेऊन गेले.

संस्थेचा इतिहास म्हटला की जमीन केव्हा घेतली, इमारत केव्हा उठली, देणग्या किती आल्या, हे सांगायची रीत आहे. तेही पुढे येईल. पण रमाबाईंनी पुढे काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचं मूळ मला त्या दारात दिसतं. आपल्याला जे अमृतासारखं वाटलं ते शेजारच्या माणसालाही मिळावं ही तळमळ, आणि त्याचबरोबर त्याचा हात धरून ओढायचं नाही हा संयम. या दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदवणं किती कठीण असतं, ते या संस्थेच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत जितकं दिसतं तितकं मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही.

रमाबाईंच्या आत्म्याची काळजी सर्वांत आधी केली ती त्यांच्या वडिलांनी. अनंतशास्त्री डोंगरे हे पश्चिम घाटातल्या गंगामुळाजवळ आश्रम करून राहिलेले वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्ममार्तंडांपुढे जाब द्यावा लागला होता. 23 एप्रिल 1858 ला रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात अन्न संपलं, भांडीकुंडी संपली, आणि थोड्याच काळात वडील, आई, थोरली बहीण असे एकामागून एक गेले. शेवटच्या दिवसांत वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, जगलीस तर नेकीनं जग आणि त्याचीच सेवा कर. वडिलांचा हा निरोप रमाबाईंनी पुढे अनेकदा सांगितला. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तो टाकून दिला नाही. उपाशी बापानं उपाशी मुलीला भाकरीऐवजी देव दिला, आणि तीच मुलगी पुढे हजारोंना आधी भाकरी देऊन मग देवाचं नाव सांगू लागली. मुक्ती मिशनचा इतिहास लिहिणाऱ्यानं हा प्रसंग ओलांडून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर त्या 1878 साली कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचं लग्न झालं, 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पती गेले. सिल्चरला असताना नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान सापडलं होतं, ते त्यांनी आवडीनं वाचलं होतं. मग त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हा बाप्तिस्मा वादविवादात हरल्यामुळे झाला नव्हता. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या विद्वानाच्या युक्तिवादाचा त्यांच्यावर परिणाम झाला होता हे खरं. पण मन हललं ते लंडनजवळच्या फुलहॅममध्ये. मठातल्या भगिनी तिथं बदनाम झालेल्या, वाट चुकलेल्या बायकांसाठी एक घर चालवत होत्या. अशा बायकांना कुणी पोटाशी धरतं, त्यांच्याशी मायेनं बोलतं, त्या पुन्हा उभ्या राहतील असं धरून चालतं, हे रमाबाईंना नवं होतं. शास्त्रं त्यांना तोंडपाठ होती, पण त्या शास्त्रांत अशा बाईसाठी जागा त्यांना सापडली नव्हती. भगिनींना त्यांनी विचारलं की हे तुम्ही कशासाठी करता? उत्तरादाखल योहानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट पुढे आली : याकोबाची विहीर, भर दुपारी एकटी पाण्याला आलेली शोमरोनी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. लोक जिच्याशी बोलत नसत तिच्याशीच तो जिवंत पाण्याबद्दल बोलला. ती विहीर रमाबाईंच्या मनातून पुढे कधी गेली नाही. केडगावला त्यांनी खरोखरच्या विहिरी खोदल्या, आणि समाजानं फसवून टाकून दिलेल्या बायकांसाठी वेगळं ‘कृपासदन’ काढलं. फुलहॅमचं ऋण त्यांनी असं फेडलं.

नवा धर्म घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन केली नाही. त्यांची धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा पत्रांतून बराच खटका उडाला. चर्चचा अधिकार म्हणून एखादी गोष्ट मानायला त्या तयार नव्हत्या, मनाला पटल्याशिवाय पुढचं पाऊल नाही असा त्यांचा बाणा होता. या पत्रव्यवहारामुळे काही वाचक अवघडतात. मला मात्र त्यातच संस्थेच्या पुढच्या स्वभावाची बीजं दिसतात. जिनं स्वतःवर सक्ती होऊ दिली नाही, ती दुसऱ्यावर सक्ती करायला सहजी धजावणार नव्हती.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1887 साली निघालं. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईला चौपाटीवर शारदा सदन उघडलं. त्या दिवशी पटावर दोन मुली होत्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस सदन पुण्याला आलं. सदनात कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही, मुलींना आपापले सोवळ्याओवळ्याचे नियम पाळता येतील, असा करार होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सदन सुरू झालं तेव्हा रमाबाई ख्रिस्ती होत्या, पण पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे की तोवर त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. 1891च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. अनेक वर्षं पुलपिटावरून उपदेश केल्यावर त्या पाळकाला आपलं स्वतःचंच अंतःकरण रिकामं असल्याचं कळलं होतं. रमाबाईंनी त्यात स्वतःला पाहिलं. त्यानंतर त्यांना जी शांती मिळाली ती लपवून ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. माणसाला तहान भागवणारं पाणी सापडलं आणि घरातली बाकीची माणसं तहानलेली दिसत असली तर तो गप्प कसा राहील? पण करार तर शब्दानं केलेला होता. त्यांनी काढलेली वाट म्हणजे ते उघडं दार. शिकवणीत धर्म नाही, आग्रह नाही, पण माझ्या स्वतःच्या खोलीत मी माझ्या देवाशी बोलेन आणि दार लावून चोरून बोलणार नाही.

पुण्याला हे पटलं नाही. ‘केसरी’नं कडक टीका केली. मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो आहे असं दिसल्यावर 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर बाजूला झाले. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांनी आपल्या नावावर लोकांच्या लेकीबाळी सदनात आणल्या होत्या, आणि कोवळ्या वयाच्या मुलीला गुरूची माया हीच केवढी मोठी ओढ असते हे त्यांना ठाऊक होतं. दार उघडं ठेवणं म्हणजे बोलावणं नव्हे हे रमाबाईंचं म्हणणं मला पटतं. पण दारापलीकडे ज्यांच्या मुली होत्या त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही.

एक उदाहरण मात्र या वादात फार बोलकं आहे. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. रमाबाईंच्या सहवासात तिनं काही वर्षं काढली, शिकली, आणि 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न करून आनंदीबाई कर्वे, सगळ्यांची ‘बाया’, झाली. ती हिंदूच राहिली. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्या कामात बाया आयुष्यभर उभी होती. ‘माझे पुराण’ या आत्मकथेत तिनं सदनाचे दिवस सांगितले आहेत. उघड्या दारानं काही मुली आत आल्या आणि काही तिथून आणखी कुठेतरी मोठ्या कामाला बाहेर पडल्या, हे दोन्ही खरं आहे.

वादळानंतरही सदन चालू राहिलं. 1895 साली लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला होता. ख्रिस्ताला मानणाऱ्या आपल्या पंधरा मुलींना घेऊन रमाबाई तिथं गेल्या. एका पहाटे त्या एकट्याच रानात प्रार्थनेला गेल्या आणि देवाकडे मागितलं की या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा म्हणजे 225. त्यांच्या चरित्रकर्त्यांनी ही आठवण जपून ठेवली आहे. मला तिच्यातला निरागसपणा भावतो. संस्कृताच्या पंडितेनं शाळकरी मुलीसारखं पाढ्यातलं गणित देवापुढे मांडलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत दाराशी आलेल्या मुलींची संख्या 225च्याही पुढे गेली, पण ज्या वाटेनं ती गेली ती वाट कुणी मागितली नसती.

1896-97 चा दुष्काळ. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना आपले बालपणीचे दिवस डोळ्यांसमोर दिसू लागले. त्या स्वतः तिकडे गेल्या. रस्त्याच्या कडेला पडलेल्या, हाडांवर कातडं उरलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. अशा मुलींना पळवून नेणारी माणसंही त्याच रस्त्यांवर हिंडत होती, म्हणून थांबायला वेळ नव्हता. सुमारे तीनशे जणी आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग सुरू झाला आणि शहरात इतकी माणसं ठेवायची सोय राहिली नाही. पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला संत्री-लिंबांची बाग करायला म्हणून सुमारे शंभर एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती. सदनाला तिच्या उत्पन्नाचा आधार व्हावा इतकाच तिचा हेतू. आता त्या माळावर गवताच्या झोपड्या, तंबू उभे राहिले. सप्टेंबर 1898 मध्ये ‘मुक्ती सदना’चं रीतसर समर्पण झालं.

‘मुक्ती’ हे नाव यशया संदेष्ट्याच्या साठाव्या अध्यायावरून घेतलं. तिथं देवाच्या नगरीच्या भिंतींना तारण आणि वेशींना स्तुती अशी नावं आहेत. पुढे बायबलचं भाषांतर करताना रमाबाई जुन्या धर्मग्रंथांचा वास असलेले संस्कृत शब्द कटाक्षानं टाळू लागल्या. संस्थेला मात्र त्यांनी तोच शब्द दिला, जो त्यांचे वडील आयुष्यभर तीर्थोतीर्थी शोधत हिंडले होते.

1899-1900 चा दुष्काळ, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात तो, आणखी शेकडो मुली घेऊन आला. मुक्तीतली वस्ती सुमारे दोन हजारांवर पोचली. माणशी वेळेला दोन भाकरी धरल्या तरी रोजच्या आठ हजार भाकरी होतात. पाणी, सरपण, कपडे, आजारपणं वेगळीच. रमाबाईंनी मुलींनाच कामाला उभं केलं. शेती, गाईगुरं, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, धुणं, छापखाना अशी खाती झाली. ज्या मुली येताना उभ्या राहू शकत नव्हत्या त्या वर्षा-दीड वर्षात माग चालवू लागल्या. आंधळ्या बायकांसाठी शुभवर्तमानातल्या बार्तीमयाच्या नावाचं सदन झालं, आणि अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. थकलेल्या, अपंग बायकांसाठी प्रीतीसदन झालं.

शारदा सदनासारखा तटस्थतेचा करार इथं नव्हता. मुक्ती ही ख्रिस्ती संस्था आहे हे रमाबाईंनी पहिल्यापासून उघडपणे सांगितलं. दुष्काळात भाकरी देऊन धर्म दिला, असा आक्षेप तेव्हाही झाला, आजही होतो. त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पोटाच्या भुकेला आणि आत्म्याच्या भुकेला दोन वेगळ्या ताटांत वाढावं असं रमाबाईंना कधी वाटलंच नाही. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात त्या दोन भुका एकाच वेळी लागल्या होत्या. पण आतलं परिवर्तन बाहेरून होत नाही हेही त्यांना कळत होतं. रजिस्टरातली नावं वाढली म्हणून त्या समाधानी नव्हत्या. बाप्तिस्मा झालेल्या मुलींकडे पाहून त्या म्हणत की यांना अजून आतून काही कळलेलं नाही. हॅस्लम पाळकाचं पुस्तक वाचून त्यांना स्वतःबद्दल जे जाणवलं होतं तेच आता त्यांना या मुलींबद्दल जाणवत होतं.

म्हणून 1905 सालच्या जानेवारीत त्यांनी मुलींना विचारलं की रोज पहाटे माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी आल्या. महिन्यांमागून महिने गेले आणि संख्या साडेपाचशेवर गेली. त्या केवळ स्वतःसाठी प्रार्थना करत नव्हत्या. भारतातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या पालटासाठी करत होत्या. जून महिन्यात रमाबाईंनी विचारलं की आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस मुली पुढे आल्या. आणि 29 जूनला त्या मुलींपैकी काहींवर जे गुदरलं त्यानं अवघी मुक्ती हलून गेली. मुली मोठ्यानं रडत आपली पापं कबूल करू लागल्या, एकमेकींची क्षमा मागू लागल्या, तासन्‌तास एका वेळी शेकडो आवाजांत प्रार्थना चाले. शाळेचे वर्ग दिवसच्या दिवस थांबले. पाश्चात्त्य शिस्तीत वाढलेल्या काही मंडळींना हा गोंधळ वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं की या देशातल्या बायका आपल्या रीतीनं रडतील आणि आपल्या रीतीनं गातील, देवाला ते कळतं.

या घटनेची लाट किती लांब गेली पाहा. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी तिच्यावर एक पुस्तिका लिहिली आणि तिची एक प्रत दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या वाल्परायसो शहरातल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. तिथल्या मंडळीत 1909 साली जे पुनरुज्जीवन झालं आणि ज्यातून चिलीतली मोठी पेन्टेकोस्टल चळवळ उभी राहिली, तिच्या उगमाशी केडगावची ही पुस्तिका आहे. दौंड तालुक्यातल्या एका माळावर पहाटे उठलेल्या मुलींनी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांसाठी केलेली प्रार्थना, असं मी तिच्याकडे पाहतो.

आता छापखान्याकडे येतो, कारण माझ्या मते मुक्तीचं हृदय तिथं होतं. मराठीत बायबल आधीच होतं. पण दुष्काळातून आलेल्या, उशिरा अक्षर ओळखायला लागलेल्या मुलींना त्यातली भाषा जड जात होती. संस्कृताची पंडिता असलेल्या बाईनं संस्कृताळलेपण बाजूला ठेवून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं बायबल नव्यानं करायचं ठरवलं. इंग्रजीवरून करणं त्यांना मान्य नव्हतं, म्हणून वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अठराएक वर्षं हे काम चाललं.

आणि ते छापलंही तिथल्याच बायकांनी. जुळणीच्या खोलीत एक मुलगी डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक धरून उभी आहे, समोर खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसी तिरप्या मांडलेल्या आहेत, असं डोळ्यांपुढे आणा. देवनागरीला इंग्रजीइतकी थोडी घरं पुरत नाहीत. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार अशी शेकडो घरं असतात. प्रत्येक खिळा उलटा, आरशातल्यासारखा. ओळीच्या ओळी उलट्या वाचत जुळवायच्या, दोऱ्यानं बांधायच्या, प्रूफ काढायचं, ते रमाबाईंकडे जायचं, चुका दुरुस्त होऊन परत यायचं, मग छापून झालं की प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा. असं उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी त्या मुलीची शाईनं काळी झालेली बोटं दाखवीन.

जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, चाळिसाव्या वर्षी. गुलबर्ग्याला मुलींची शाळा उभी करणारी आणि आईनंतर मुक्ती सांभाळेल अशी सगळ्यांची खात्री असलेली ती एकुलती एक लेक. रमाबाईंनी दुःख बाजूला ठेवून भाषांतर पुढे नेलं. शेवटच्या भागावरून हात फिरवून त्यांनी काम संपवलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल छापून पुरं झालं ते 1924 साली.

मुक्ती मिशन आज केडगावलाच आहे. निराधार मुलं, आसरा नसलेल्या बायका, दृष्टिहीन, वृद्ध यांची घरं तिथं चालू आहेत. 1924 च्या त्या बायबलचे फर्मे मुक्तीत वाढलेल्या बायकांनीच छापले, त्यांनीच दुमडले, शिवले आणि पुठ्ठे चढवले.